सर्व्हर सगळे हिरवे, तरी निम्मं गिऱ्हाईक राखीव गटात अडकलेलं

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. ऐन गर्दीत साइट मिनिटभर अडखळते. येणाऱ्या विनंत्या सर्व्हरांत वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरचं स्टेटस पान उघडेपर्यंत सगळे सर्व्हर पुन्हा हिरवे झालेले असतात. त्यानंतर मात्र काही जणांना साइट पळताना दिसते, काही जणांना रांगताना, आणि हा भेद दिवसभर टिकतो, कधीकधी दुसऱ्या दिवशीही. लोड बॅलन्सर रीस्टार्ट केला तरी ढिम्म फरक पडत नाही. पुढच्या गर्दीला पुन्हा तेच.

आमच्याकडे हे बेदाण्याच्या सौद्यांच्या ॲपवर व्हायचं. सांगली आणि तासगावच्या सौद्यांतले लॉट, पेट्या आणि भाव अडत्यांना, व्यापाऱ्यांना आणि माल पाठवलेल्या शेतकऱ्यांना मोबाइलवर दिसतात, एवढंच त्याचं काम. तीन ॲप्लिकेशन सर्व्हर कुपवाडच्या ऑफिसात, मुख्य डेटाबेसही तिथंच. आणखी दोन सर्व्हर आणि डेटाबेसची एक प्रत मुंबईच्या डेटा सेंटरात. मुंबईची ही जोडी ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर घेतलेली. कृष्णेचं पाणी गावात शिरल्यावर ऑफिस कोरडं असलं तरी वीज आणि लाइन यांचा भरवसा राहत नाही, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं होतं. लोड बॅलन्सर एचएप्रॉक्सी, त्याचेही दोन नग, एक इथं आणि एक तिथं. मुंबईच्या सर्व्हरांना राखीव म्हणून लावलेलं. कागदावर सगळं नीट.

सौदा रंगात आला की फोन यायचा. ‘साहेब, शेजारच्या दुकानात भाव हलतोय, माझ्याकडं नुसतं चाक फिरतंय. सौदा संपल्यावर दाखवणार काय?’ एकाच गाळ्याच्या रांगेत, एकाच नेटवर्कवर एकाला चालतं आणि दुसऱ्याला चालत नाही. अशा वेळी मोबाइल कंपनीला शिव्या घालणं सोपं असतं. पण लॉग काढून बघितला तर ज्यांची तक्रार, त्यांच्या सगळ्या विनंत्या मुंबईला जात होत्या. कुपवाडचे तिन्ही सर्व्हर ठणठणीत असताना!

गटवारी नेमकी कशी चालते

प्रायॉरिटी ग्रुपची कल्पना साधी आहे. सर्व्हरांचे गट पाडायचे आणि वरच्या गटात पुरेसे सर्व्हर जिवंत असेपर्यंत खालच्या गटाला काम द्यायचं नाही. सगळी गोची ‘पुरेसे’ या शब्दात आहे, कारण प्रत्येक सॉफ्टवेअर त्याचा अर्थ आपापल्या परीने लावतं.

एफ५ बिग-आयपी या लोड बॅलन्सरमध्ये पूलमधल्या, म्हणजे सर्व्हरांच्या संचातल्या, प्रत्येक सर्व्हरला गटाचा आकडा देतात. आकडा मोठा तो गट वरचा. सोबत एक किमान संख्या द्यायची: वरच्या गटात उपलब्ध सर्व्हर याहून कमी झाले तर खालचा गट जागा होतो. आता इथं बरेच जण फसतात. खालचा गट जागा झाला म्हणजे वरचा निवृत्त होत नाही, दोन्ही गट मिळून काम करतात. वरच्या गटात तीन सर्व्हर आहेत आणि किमान संख्या २ दिली आहे असं धरा. एक पडला तर दोन उरतात, दोन हे दोनापेक्षा कमी नाहीत, म्हणून खालच्या गटाला हाक जात नाही. दुसराही पडला की खालचे दोन येतात आणि वरचा उरलेला एक धरून तिघांत वाटणी होते. राउंड रॉबिन, म्हणजे पाळीपाळीने वाटणी असेल तर दोन तृतीयांश काम खालच्या गटाकडे गेलं. तेवढ्याने भागत नसेल तर आणखी खालचा गट येतो.

एन्व्हॉय या दुसऱ्या लोड बॅलन्सरमध्ये आकडे उलटे: ० हा सर्वांत वरचा. एफ५ वरून एन्व्हॉयवर जाणाऱ्याने हा आकडा नजरेखालून घातला नाही, तर पहिल्याच दिवशी राखीव गट गाडा ओढताना सापडतो. एन्व्हॉय डोकी मोजत नाही, टक्केवारी बघतं आणि तिला १.४ ने गुणतं. वरच्या गटातले ७५ टक्के सर्व्हर निरोगी असतील तर गुणाकार १०५ येतो, म्हणजे सगळं काम वरच. निम्मेच निरोगी असतील तर ७० येतो, मग ७० टक्के काम वर आणि ३० टक्के खाली. चौथाई उरले तर ३५ आणि ६५. मला ही पद्धत सर्वांत शहाणी वाटते, कारण काम एकदम उडी मारत नाही, हळूहळू ओघळतं.

एनजिनएक्स (हेही लोड बॅलन्सरचं काम करतं) आणि एचएप्रॉक्सीत आकड्यांऐवजी सर्व्हरच्या ओळीत ‘बॅकअप’ हा शब्द लिहितात. दोन्हींत अर्थ टोकाचा आहे: मुख्य सर्व्हर सगळेच्या सगळे गेले तरच राखीव. एचएप्रॉक्सी तर राखीव चार असले तरी त्यांतला पहिलाच वापरतं; सगळे हवे असतील तर ‘ऑलबॅकअप्स’ हा पर्याय वेगळा द्यावा लागतो. एनजिनएक्समध्ये वाटणीची आयपी-हॅश, हॅश किंवा रँडम पद्धत असेल तर बॅकअप चालतच नाही. शिवाय त्याच्या मूळ सेटिंगनुसार एखाद्या सर्व्हरकडून एक विनंती जरी फसली तरी तो १० सेकंदांसाठी बाद. गर्दीत तीन सर्व्हरांना तीन टाइमआउट मिळायला कितीसा वेळ लागतो? तेव्हा आकडे आपल्या हाताने लिहा, मूळ सेटिंगवर सोडू नका.

सुरुवात लॉगपासून

आत्ता हिरवं दिसणारं स्टेटस पान काही सांगत नाही. त्याच पानावर सर्व्हर किती वेळा खाली गेला आणि एकूण किती वेळ बंद होता याचे रकाने असतात, ते बघा. आमच्याकडे तिन्ही सर्व्हरांच्या पुढे चांगले दोन आकडी पडलेले होते. सर्व्हर पडून उठत होते, पण इतक्या लवकर की कुणाच्या नजरेला येत नव्हतं.

मग सिस्टिम लॉगमध्ये सर्व्हर ‘डाउन’ झाल्याच्या ओळी शोधा. एचएप्रॉक्सी तिथं कारण लिहितं, सर्व्हर जिवंत आहे का हे बघायला ते ठरावीक वेळाने जी तपासणी करतं तिला किती मिलिसेकंद लागले ते लिहितं आणि किती मुख्य व किती राखीव उरले तेही. मुख्य शून्यावर आले की शेवटी ‘रनिंग ऑन बॅकअप’ असं येतं. कारण ‘लेयर ४ कनेक्शन प्रॉब्लेम’ असेल तर सर्व्हर किंवा त्याचा पोर्ट खरंच मेलेला. ‘लेयर ७ राँग स्टेटस’ असेल तर ॲपने चुकीचा कोड परत दिला. आमच्याकडे मात्र ‘लेयर ७ टाइमआउट’ आणि पुढे २००१ मिलिसेकंद. म्हणजे जोडणी झाली, विनंती पोचली, उत्तर मात्र दोन सेकंदांत आलं नाही. सर्व्हर मेला नव्हता, दमला होता.

तिसरी जागा म्हणजे विनंत्यांचा लॉग. प्रत्येक ओळीत कोणत्या सर्व्हरने काम केलं ते असतं आणि चार अक्षरांचा एक सांकेतिक शब्द असतो. त्यातलं तिसरं अक्षर कुकीबद्दल, म्हणजे कोणत्या सर्व्हरकडे जायचं ते लिहून ब्राउझरला दिलेल्या चिठ्ठीबद्दल बोलतं. ‘व्ही’ म्हणजे गिऱ्हाइकाने चालू असलेल्या सर्व्हरची कुकी आणली आणि ती मानली गेली. ‘डी’ म्हणजे कुकीतला सर्व्हर बंद होता. ‘एन’ म्हणजे कुकीच नव्हती. मुंबईच्या नावाच्या ओळी वेगळ्या काढून बघितल्या तर जवळपास सगळीकडे ‘व्ही’. निदान इथंच झालं, बाकी नुसती उकल.

दोन सेकंदांचं प्रकरण

एचएप्रॉक्सीचे मूळ आकडे असे: दर २ सेकंदांनी तपासणी, लागोपाठ ३ नापास झाल्या तर सर्व्हर बाद, लागोपाठ २ पास झाल्या तर परत आत. तपासणीसाठी वेगळी मुदत दिली नसेल तर ती दोन सेकंदांची फेरीच मुदत म्हणून धरली जाते. म्हणजे साधारण सहा सेकंद दमलात की बाहेर, चार सेकंद बरे वाटलात की आत.

त्यात आमचं तपासणीचं पान डेटाबेसला एक क्वेरी मारायचं, तीही गिऱ्हाइकांच्या विनंत्या ज्या कनेक्शन पूलमधून (डेटाबेसच्या मोजक्या जोडण्यांच्या साठ्यातून) जातात त्याच पूलमधून. सौद्याच्या गर्दीत पूल भरला की तपासणीही रांगेत उभी. पहिला सर्व्हर बाद झाला की त्याचं काम उरलेल्या दोघांवर, मग दुसरा, मग तिसरा. तिघेही गेले की मुंबई जागी. इकडे डोक्यावरचं ओझं उतरल्याने चार सेकंदांत तिघे ताजेतवाने, पुन्हा आत, आणि गर्दी तशीच असल्याने पुन्हा तोच फेरा.

उपाय तीन ठिकाणी आहे. तपासणीची मुदत वेगळी आणि थोडी सैल द्या. परत आत घेण्याची अट कडक करा. आम्ही २ ऐवजी १० पास तपासण्या ठेवल्या. बाद करायला घाई एकवेळ चालेल, परत घ्यायला नको. आणि तपासणीच्या पानाला डेटाबेसचं स्वतःचं एक राखून ठेवलेलं कनेक्शन द्या. डेटाबेसला अजिबात न शिवणारं पान ठेवा असा सल्ला पुष्कळ जण देतात, तो मला पटत नाही. मग डेटाबेस मेला तरी सर्व्हर हिरवाच दिसतो.

याच्या जोडीला प्रत्येक सर्व्हरला ‘मॅक्सकॉन’ ही एकावेळच्या जोडण्यांची मर्यादा लावा, म्हणजे झेपेल तेवढंच आत जाईल आणि बाकीचं लोड बॅलन्सरच्या रांगेत थांबेल. यात दोन खाचाखोचा आहेत. रांगेची मुदत वेगळी दिली नाही तर कनेक्शनची मुदतच रांगेला लागू होते आणि तेवढी संपली की गिऱ्हाइकाच्या तोंडावर ५०३ (सेवा उपलब्ध नाही) आदळतो. दुसरं, रांग कितीही लांबली तरी सर्व्हर ‘बंद’ ठरत नाही, त्यामुळे राखीव गटाला हाक जात नाही. बॅकअप म्हणजे जास्तीच्या कामाला हातभार, असा समज असेल तर तो इथंच सोडा.

मुंबईला गेलेलं परत का येत नाही

लॉगिनचं सेशन, म्हणजे कोण आत आलंय त्याची नोंद, ज्या-त्या सर्व्हरच्या मेमरीत, म्हणून गिऱ्हाईक एकाच सर्व्हरला चिकटवायला कुकी. सर्रास सगळीकडे असतं. पण एचएप्रॉक्सीचा नियम असा आहे की राखीव सर्व्हरची कुकी घेऊन कोणी आलं तर मुख्य सर्व्हर जिवंत असले तरी त्याला राखीवकडेच पाठवायचं. एफ५ मध्येही हेच: खालच्या गटात जुळलेली जोडणी आणि चिकटवण्याची नोंद वरचा गट सावरल्यावरही पाळली जाते. यात दोष कुणाचा नाही, मधेच सर्व्हर बदलला तर सेशन जाईल म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं आहे.

आता अडत्याच्या मोबाइलची कल्पना करा. ब्राउझर महिनोन्महिने बंद होत नाही, मागे तीसेक टॅब उघडे. सेशनपुरती म्हणून दिलेली कुकी तिथं मुक्कामालाच असते. गर्दीच्या त्या मिनिटभरात जो मुंबईला गेला तो तिथलाच रहिवासी झाला. लोड बॅलन्सर रीस्टार्ट करून काही होत नव्हतं ते यामुळेच. नोंद लोड बॅलन्सरकडे नव्हतीच, गिऱ्हाइकाच्या खिशात होती. चिकटवणं स्टिक टेबलने, म्हणजे लोड बॅलन्सरने स्वतःच्या मेमरीत ठेवलेल्या तक्त्याने, केलेलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथं रीस्टार्टने फरक पडतो. त्यामुळे रीस्टार्टने तात्पुरतं बरं वाटत असेल तर कुकीच्या नव्हे, टेबलच्या मागे लागा.

आणि मुंबईत हळू का? तिथले सर्व्हर दणकट आहेत, पण कुपवाड चालू असताना डेटाबेस कुपवाडचाच. एका फेरीला १५ मिलिसेकंद धरा आणि लॉटच्या पानाला एकामागून एक ४० क्वेरी धरा, झाले ६०० मिलिसेकंद नुसत्या जाण्यायेण्याचे. कुपवाडातल्या कुपवाडात तोच प्रवास नगण्य.

सर्वांत सोपी दुरुस्ती म्हणजे राखीव सर्व्हरांच्या ओळीतून कुकीची किंमत काढून टाकणं. मग मुंबईला गेलेल्याच्या हातात चिठ्ठी राहत नाही आणि कुपवाड उठलं की पुढची विनंती आपोआप घरी. स्टिक टेबल वापरत असाल तर राखीव सर्व्हरला ‘नॉन-स्टिक’ लावा, काम तेच. पण ऑलबॅकअप्स चालू असेल तर बिनकुकीचं गिऱ्हाईक मुंबईच्या दोन सर्व्हरांत टोलवलं जातं आणि लॉगिन सारखं उडतं. म्हणून खरा इलाज सेशन मेमरीतून काढून रेडिससारख्या सामाईक जागी ठेवणं हाच. आम्ही शेवटी तो केला आणि कुकी पूर्णपणे उडवली. ॲप लिहिणाऱ्या मुलांनी कुरकुर केली, दोन आठवड्यांत विसरली.

भाव हलता दाखवणारं पान वेबसॉकेटवर आहे, त्याची जोडणी तासन्‌तास तुटत नाही. कुकी काढली तरी ती मुंबईलाच लोंबकळत राहते. यासाठी मुख्य सर्व्हरच्या ओळीत एक पर्याय असतो: तो सर्व्हर वर आला की राखीव सर्व्हरांवरची सगळी सेशन तोडायची. आकर्षक दिसतो, पण जपून. पहिला सर्व्हर उठताक्षणी शेकडो मोबाइल एकाच सेकंदाला त्याच्यावर तुटून पडतात आणि तो पुन्हा आडवा होतो. तो लावायचा असेल तर ॲपमध्ये पुन्हा जोडणी करण्याआधी प्रत्येक मोबाइलने काही यादृच्छिक सेकंद थांबावं अशी सोय हवीच. सर्व्हरला ‘स्लोस्टार्ट’ही द्या, म्हणजे बंद पडून उठलेल्या सर्व्हरचं वजन (कामातला वाटा) दिलेल्या वेळात हळूहळू वाढतं. मात्र एचएप्रॉक्सी स्वतः सुरू होताना स्लोस्टार्ट लागू होत नाही, हे लक्षात असू द्या.

उंबरठा किती ठेवायचा

मुळात आमच्याकडे पुरासाठी बांधून ठेवलेली नाव रोजच्या पावसात बाहेर काढली जात होती. राखीव गट जागा आख्खी जाण्यासाठी आहे की गर्दीत हातभार लावण्यासाठी, हे ठरवल्याशिवाय उंबरठ्याचा, म्हणजे राखीव गट कधी जागा करायचा त्याचा, आकडा ठरत नाही, आणि दोन्ही कामं एकाच आकड्याने होत नाहीत.

हिशेब कागदावर करा. समजा ऐन सौद्यात सेकंदाला ५०० विनंत्या येतात आणि एक सर्व्हर २२० झेपवतो. तिघे मिळून ६६०, निभावतं. दोघे ४४०, निभावत नाही. म्हणजे एक जरी पडला तरी मदत हवी. एफ५ वर किमान संख्या ३ ठेवायची: तीनाहून कमी झाले की मुंबईची जोडी येते, चौघे मिळून ८८०, प्रश्न मिटला. एचएप्रॉक्सीच्या नुसत्या बॅकअपमध्ये मात्र उरलेले दोघे मरेपर्यंत राबणार आणि मगच मुंबई येणार, तीही एकटी, ऑलबॅकअप्स चालू असेल तरच ४४० वर.

एचएप्रॉक्सीत जिवंत सर्व्हर मोजणारं ‘एनबीएसआरव्ही’ हे फंक्शन आहे. कुपवाडचा आकडा अमुकाहून कमी झाला तर दुसऱ्या बॅकएंडला (सर्व्हरांच्या दुसऱ्या संचाला) जा, असा नियम त्यावर लिहिता येतो. बरेच जण दुसरा बॅकएंड म्हणून फक्त मुंबई देतात. वरच्या हिशेबात बसवून बघा: एक सर्व्हर पडला म्हणून धडधाकट दोघांना सोडून ५०० विनंत्या ४४० झेपवणाऱ्या जोडीवर. आगीतून फुफाट्यात.

आम्ही दुसरा बॅकएंड मिश्र ठेवला. त्यात कुपवाडचे तिघे आणि मुंबईचे दोघे, मुंबईचं वजन कमी. कुपवाडच्या सर्व्हरांची तपासणी दोनदा होऊ नये म्हणून मिश्र बॅकएंडमध्ये ‘ट्रॅक’ लावलं, म्हणजे तिथली नोंद मूळ बॅकएंडमधली तब्येत पाहून बदलते. कुपवाडात तिघे असतील तर मूळ बॅकएंड, तीनाहून कमी असतील तर मिश्र. तिघेही गेले तर मिश्रमध्ये मुंबईच उरते, म्हणजे पुराची सोय आपसूक झाली. एफ५ जे एका चौकटीत आकडा टाकून करतं ते इथं दहा-बारा ओळी लिहून होतं, पण होतं. एक मात्र बघा: मॅक्सकॉनची मोजणी बॅकएंडनिहाय वेगळी असते. एकच यंत्र दोन बॅकएंडमध्ये असेल तर गाडी एकीकडून दुसरीकडे वळताना काही काळ त्याच्यावर दोन्हींकडची जोडणी असू शकते. आकडा थोडा हात राखूनच ठेवा.

खात्री कशी करायची

सौदे नसलेल्या दिवशी, अडत दुकानांना आधी सांगून. सर्व्हर बंद करून चाचणी घेतली तर फक्त मेलेल्या सर्व्हरची परीक्षा होते, आपला रोग दमलेल्या सर्व्हरचा. म्हणून एका सर्व्हरच्या तपासणीच्या पानाला मुद्दाम तपासणीच्या नव्या मुदतीहून जास्त उशीर लावा. लॉगमध्ये लेयर ७ टाइमआउट यायला हवा, पुढच्या विनंत्या मिश्र बॅकएंडच्या नावाने दिसायला हव्यात आणि मुंबईचा वाटा वजनाच्या प्रमाणात हवा. मग उशीर काढा आणि घड्याळ बघा: दहा तपासण्या म्हणजे वीसेक सेकंदांनी सर्व्हर आत यायला हवा. त्यानंतर मुंबईच्या नावावर नवी विनंती एकही नको, उरलेल्या वेबसॉकेट सोडून. नवी विनंती दिसली तर कुठंतरी जुनी कुकी अजून मानली जाते आहे.

एक सूचनाही लावून ठेवा. सर्व्हर पडल्याची सूचना सगळेच लावतात; आम्ही ती कुपवाडात तीनाहून कमी झाल्याक्षणी लावली आहे आणि त्याहून महत्त्वाची दुसरी: कुपवाडचे तिघे हिरवे असताना मुंबईच्या सर्व्हरांवर दहा मिनिटांहून जास्त वेळ सेशन दिसली तर. हा दुसरा संदेश आला की अडत्याच्या फोनची वाट न बघता विनंत्यांच्या लॉगमधलं ते तिसरं अक्षर आधी बघायचं.